मौजे ओवे येथील एक बटवा व चालत्या शिवराईचा विचार

१

मौजे ओवे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड (पूर्वींचा कुलाबा) येथें आमचें वास्तव्य आहे. गेल्या वर्षीं भाद्रपद मासीं गांवांतील एका जुन्या घराण्यांतील वृद्ध स्त्री निवर्तली. तिची लांकडी पेटी उघडतां तींत खणाचा एक जीर्ण बटवा व बटव्यांत तांब्याचे सोळा पैसे निघाले. दर दिवाळीस लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती हा बटवा ठेवीत असे. मुलांनीं विचारल्यास, 'हे आमच्या आजेसासूबाईंच्या हातचे पैसे, बाजारहाटाला नेत असत,' इतकेंच सांगे. पैसे मोजले जात, हळदकुंकू वाहिलें जाई, व बटवा पुन्हां पेटींत जाई.

वृद्धेस तीन पुत्र. त्यांतील धाकट्यानें दूरध्वनीच्या पडद्यावर असें पाहिलें होतें कीं, जुन्या नाण्यास लक्षावधि रुपये मिळतात. त्यानें बटव्यांतील दोन पैशांचीं छायाचित्रें कोणा अपरिचितास पाठविलीं. त्या गृहस्थानें भाव ठरविला, आणि 'नोंदणीची फी' म्हणून कांहीं सहस्र रुपये आधीं मागितले. पैसे गेले, गृहस्थाचा पत्ता पुढें लागला नाहीं. मग तिघे बंधु बटवा घेऊन आमच्याकडे आले. त्यांचे प्रश्न दोन होते. हे पैसे महाराजांचे आहेत काय? आणि सोळा पैशांचे तीन वाटे कसे करावे?

दुसरा प्रश्न आम्हांस त्या दिवशीं क्षुल्लक वाटला. आज तोच मुख्य वाटतो. या दोन प्रश्नांच्या निमित्तानें जें पाहिलें व ताडून घेतलें, तें येथें मांडतों. आमच्या पहिल्या उत्तरांत एक चूक झाली; तीही लपवीत नाहीं, कारण अशी चूक पुष्कळांच्या हातून होण्याजोगी आहे.

२

प्रथम बटव्यांतील नाण्यांचें वर्णन देतों. सोळांपैकीं अकरा पैसे देवनागरी अक्षरांचे, म्हणजे सामान्यतः ज्यांस 'शिवराई' म्हणतात ते. दोन पैसे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचे. यांच्या एका बाजूस कंपनीचें बदामी चिन्ह व दुसऱ्या बाजूस तराजू असून त्याच्या पारड्यांमध्यें फारसी लिपींत 'अदल', म्हणजे न्याय, असा शब्द आहे. अशा छापाचे पैसे इ. स. १७९१ पासून इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें यंत्रावर पाडून मुंबईस आणवीत. एक पैसा कंपनीच्याच पाव आण्याचा, सन १८३५ चा. उरलेले दोन पाव आणे व्हिक्टोरिया राणीचे: एक सन १८६२ चा, त्यावर 'क्वीन' ही पदवी आहे, दुसरा सन १८८७ चा, त्यावर 'एम्प्रेस' आहे. राणीनें सम्राज्ञीपद धारण केल्यावर, म्हणजे १८७७ पासून, नाण्यांवरील पदवी बदलली, हें वाचकांस ठाऊक आहेच.

यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. बटव्यांत शेवटचा पैसा पडला तो १८८७ च्या पूर्वीं नव्हे. वृद्धेच्या आजेसासूचा काळ याच सुमारास पडतो, तेव्हां घरांतील परंपरागत सांगणें व नाण्यांची साक्ष जुळतात. म्हणजे ज्या बटव्यांत सम्राज्ञी व्हिक्टोरियाचा पैसा होता, त्याच बटव्यांत 'श्री राजा शिव' या नांवाचे अकरा पैसे होते. ते पूजेसाठीं वेगळे काढलेले होते कीं बाजारांत चालत होते, असा प्रश्न कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, शिवराईची झीज व राणीच्या १८६२ च्या पैशाची झीज यांत फारसें अंतर नाहीं. दोहोंच्या कडा सारख्याच गुळगुळीत आहेत. पूजेंत ठेविलेलें नाणें असें झिजत नाहीं. तें हातोहात फिरूनच झिजतें. तथापि हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे, इतकें सांगून ठेवितों.

३

आतां शिवराईचा पूर्ववृत्तांत. श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे इ. स. १६७४ च्या जून मासांत रायगडीं झाला. त्या प्रसंगापासून सोन्याचा होन व तांब्याची शिवराई अशीं दोन नाणीं त्यांच्या नांवें चाललीं. दोहोंवर लेख तोच: एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति', भोंवतीं बिंदूंचें वर्तुळ. शेजारच्या मोगली व आदिलशाही नाण्यांवर फारसी लेख असतां येथें देवनागरी लेख आला, ही गोष्ट 'राज्यव्यवहारकोश' ज्या दृष्टीनें सिद्ध करविला त्याच दृष्टीची आहे. कोशानें दफ्तराची भाषा फिरविली. शिवराईनें तीच गोष्ट बाजारांत, निरक्षर माणसाच्याही हातांत नेली.

होन आज अत्यंत विरळ आहे. शिवराई मात्र अपार सांपडते. याचें कारण या नाण्याच्या व्यवहारांत शोधावें लागतें. त्या काळीं एका राज्यांत एकच चलन अशी स्थिति नव्हती. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ सालीं जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत महाराजांच्या खजिन्याची याद आहे; तींत पातशाही, देवराई, अच्युतराई, धारवाडी अशा कितीएक जातींचे होन येतात. राजाचा खजिनाही जर असा मिश्र, तर रयतेचा बटवा मिश्र असावा यांत नवल तें काय?

याविषयीं महाराजांचें मत काय होतें, हेंही इंग्रजांच्या कागदांतून कळतें. राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झिंडन हा मुंबईकर इंग्रजांचा वकील रायगडीं होता. आपलीं मुंबईचीं नाणीं महाराजांच्या मुलखांत चालावीं, असें एक कलम इंग्रजांनीं तहांत घातलें होतें. त्यावर उत्तर मिळालें तें असें कीं, कोणत्याही नाण्यास आमची मनाई नाहीं. परंतु ज्यांत रयतेस तोटा येईल असें नाणें तिनें घ्यावें अशी सक्तीही आम्ही करणार नाहीं. तुमचें नाणें मोगली व इतर नाण्यांइतकेंच चोख व वजनदार असल्यास तें आपोआप चालेल. नाण्यावर नांव कोणाचेंही असो, घेणारा धातु व वजन पाहातो, हें तत्त्व याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितलें गेलें असेल.

आमच्या संस्कृत शास्त्रांतही हा विचार आहे. कौटिल्यानें नाणीं पाडविणारा 'लक्षणाध्यक्ष' व नाणीं पारखणारा 'रूपदर्शक' असे दोन वेगळे अधिकारी सांगितले आहेत. आणि बाजारांत चालण्याजोगें नाणें व कोशांत घेण्याजोगें नाणें असा भेदही केला आहे. मराठी अमदानींत रूपदर्शकाचें हेंच काम पोतदार व सराफ यांच्याकडे आलें. पारख करावी, बट्टा ठरवावा, आणि मग नाणें पदरांत घ्यावें, असा रोजचा व्यवहार होता.

४

शिवराईवर 'शिव' हें नांव आहे म्हणून ती शिवकालीन, हा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाहीं. शंभूराजे, राजाराम व शाहू यांच्या नांवांचेही तांब्याचे पैसे आढळतात. परंतु 'श्री राजा शिव' हा लेख रयतेच्या अंगवळणीं पडला होता, व पुढच्या टांकसाळींनीं तोच चालूं ठेविला. जें नांव पाहून बाजार पैसा घेतो, तेंच नांव पैसा पाडणारा घालतो. त्यामुळें नाण्यावरील नांव हें राजाचें राहिलें नाहीं, तें नाण्याचेंच झालें. 'शिवराई' हें सामान्यनाम झालें तें यामुळेंच.

पेशवाईंत पैसे पाडण्याचा परवाना खासगी माणसांसही मिळत असे. आमच्याच कुलाबा प्रांतांतील उदाहरण घ्यावयाचें तर १७४४ सालीं नागोठण्याचे बाळाजी बापूजी व रेवदंड्याचे बहिरो राम दातार यांस तांब्याचे पैसे पाडण्याचा परवाना मिळाला. पैशाचें वजन दहा मासे असावें असें ठरलें. तोळ्याचे मासे बारा, व तोळा आजच्या मापानें सुमारें ११.६६ ग्रॅम; तेव्हां दहा मासे म्हणजे सुमारें ९.७ ग्रॅम होतात. आम्हीं बटव्यांतील अकरा शिवराया सराफाच्या कांट्यावर तोलून पाहिल्या. तीन पैसे तोळ्याच्या जवळपास भरले. बाकीचे दहा माशांच्या आसपास किंवा त्याहून किंचित् हलके. हलक्या पैशांतील एखादा नागोठणें किंवा रेवदंडा येथील असेल काय? तसें म्हणावयास आम्हांस आधार नाहीं. झिजलेल्या नाण्याचें वजन हें साक्षीदारापैकीं एक. एकट्याच्या जबानीवर निवाडा होत नाहीं.

पेशवाईच्या उत्तरकाळीं व कंपनी सरकारच्या आरंभीं जी शिवराई निघाली, तिच्या लेखाच्या ओळींमध्यें दोन समांतर आडव्या दांड्या असतात. हिला 'दुदांडी' म्हणतात. कंपनीनें १८३५ सालीं सर्व मुलखास एकच रुपया व एकच पैसा ठरविला. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. तरी शिवराई बाजारांतून गेली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबई इलाख्याच्या खेडोपाडीं ती चालत होती. म्हणजे त्या शतकांतील कोणत्याही बाजारच्या दिवशीं भाजीवालीच्या फडक्यांत दोनशें वर्षांचे पैसे एकत्र पडत होते, आणि त्यांतील कोणता कोणाच्या राज्यांतला, याची फिकीर कोणासही नव्हती.

५

हा मिश्रपणा पनवेल प्रांतीं विशेष कां असावा, याचें कारण भूगोलांत आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य व माल होडीनें पनवेलच्या बंदरास उतरे, व तेथून बोरघाटानें देशावर चढे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां ही रहदारी आणखी वाढली. पनवेलीस नगरपालिका झाली ती १८५२ सालीं, इतक्या आरंभीं, तीही या पेठेच्या भरभराटीचीच खूण होय. पुढें १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली व पनवेलची वाट ओस पडूं लागली.

देशावरून खालीं येणाऱ्या गाडीवानाच्या कमरेच्या कशांत शिवराई, व मुंबईहून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या पिशवींत तराजूछाप पैसा. दोघांची गांठ पनवेलीस. तांदूळ व मीठ हे या खाडीकांठचे मुख्य जिन्नस. मिठागरावरील मजुरी व भाताच्या मापाची सुटी रक्कम याच पैशांत चुकती होई. ओवे पनवेलच्या पंचक्रोशींतलें. तेथील एका बाईच्या बटव्यांत घाटावरचें व बंदरावरचें अशीं दोन्हीं नाणीं एकत्र मिळावीं, हें सर्वस्वीं स्वाभाविक आहे. हा बटवा म्हणजे त्या वाटेचा लहानसा दाखलाच होय.

६

बाजारांत चालणाऱ्या पैशांतून इतिहास काढतां येतो, हें ज्यानें प्रथम मोठ्या प्रमाणावर करून दाखविलें, त्याचें स्मरण येथें केलें पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ई. ॲबट, ज्यांनीं पुढें मराठी संतांचीं चरित्रें इंग्रजींत उतरविलीं, त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारें २५,००० शिवराया मिळवून तपासल्या. लेखाचें वर्णलेखन, म्हणजे 'शिव', 'सिव', 'शीव', तसेंच 'पति', 'पती', आणि लेखाभोंवतालचीं चंद्रसूर्यादि चिन्हें पाहून त्यांनीं त्यांचे प्रकार लावले, व आपला निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं मराठी राज्यांतील चलनें व टांकसाळी यांवरील निबंध याच संस्थेपुढें याच सुमारास ठेविला. एकानें दफ्तरांतून पाहिलें, दुसऱ्यानें बाजाराच्या ढिगांतून. दोन्ही वाटा एकमेकींस पूरक आहेत.

ॲबट साहेबांस इतके पैसे मिळाले कसे? त्या काळीं त्यांस कोणी मौल्यवान समजत नव्हतें, म्हणून. शिवराई पैशाच्या भावानें मिळत होती. तिला संग्राहकाचा भाव आला असता, तर ढीग फुटला असता, एकेक 'चांगलें' नाणें निवडून गेलें असतें, व तुलना करावयास कांहींच उरलें नसतें.

तुलना इतकी आवश्यक कां, हेंही सांगतों. शिवराई हातानें पाडीत. ठसा मोठा व तांब्याची चकती लहान, त्यामुळें ठशावरील संपूर्ण लेख एका पैशावर क्वचितच उतरतो. एकावर 'श्री' व 'रा' येतें, दुसऱ्यावर 'जा' व 'शि', तिसऱ्यावर नुसतें 'व' आणि बिंदूंची कड. पोथीचें पान फाटून त्याचे तुकडे वेगवेगळ्या घरीं गेले असावे तशी ही स्थिति आहे. तुकडे एकत्र आणले तर पान वाचतां येतें. एकेकटा तुकडा, कितीही सुंदर असो, मुका राहातो.

ओव्याच्या बटव्यांत याचा प्रत्यय आला. अकरा शिवरायांचे ठसे आम्हीं पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें घेतले व ते कागद शेजारीं शेजारीं मांडले. त्यांत दोन पैसे असे निघाले कीं, एकावर लेखाची डावी बाजू आहे, दुसऱ्यावर उजवी. परंतु मधलें 'रा' दोहोंवर आहे, आणि त्याच्या कान्यास एकाच जागीं एकसारखी बारीक चीर आहे. ती चीर पैशाची नव्हे, ठशाची. आमच्या मतें हे दोन्ही पैसे एकाच ठशाचे होत. एका टांकसाळींत जन्मलेले दोन पैसे कित्येक वर्षें शेंकडों हातांतून फिरून एकाच बाईच्या बटव्यांत आले, अथवा टांकसाळीपासून येथवर एकत्रच आले. दुसरें खरें असल्यास ती टांकसाळ फार दूर नसावी. हा प्रश्न सोडविण्यास त्याच ठशाचा तिसरा पैसा कोठें तरी, ठिकाण नोंदलेला असा, मिळाला पाहिजे.

७

आतां आमच्या चुकीविषयीं. पहिल्या दिवशीं बंधूंनीं बटवा उलटा केला, तेव्हां एक पैसा इतरांहून स्वच्छ दिसला. त्यावर 'श्री राजा शिव' हीं अक्षरें जवळजवळ पूर्ण होतीं. आम्हीं तो हातीं घेऊन, हा महाराजांच्या काळचा असावा, असें बोलून गेलों. शिक्षकाचा शब्द गांवांत लवकर पसरतो. दुसऱ्या दिवशीं देवळाच्या ओट्यावर त्या पैशाची किंमत ठरूं लागली होती. आठ दिवसांनीं ठसे घेतांना दुसऱ्या बाजूच्या मळाखालीं दोन आडव्या दांड्या दिसल्या. पैसा दुदांडी होता, म्हणजे बटव्यांतील शिवरायांत बहुधा सर्वांत अलीकडचा. अधिक स्वच्छ होता, कारण कमी फिरला होता. जें नाणें उत्तम दिसतें तेंच सर्वांत जुनें, असें डोळा म्हणतो. न्याय त्याच्या उलट आहे. आम्हीं बंधूंच्या घरीं जाऊन ही दुरुस्ती सांगितली. धाकट्याचा चेहरा उतरला. आधींच फसलेल्या माणसास आशा देऊन ती पुन्हां काढून घेणें बरें वाटत नाहीं. परंतु आमचें पहिलें विधान तसेंच राहूं देणें ही त्या अपरिचित गृहस्थाच्या कृत्याचीच सुधारलेली आवृत्ति झाली असती.

महाराजांच्या काळचा पैसा बटव्यांत मुळींच नाहीं, असेंही आमचें म्हणणें नाहीं. तोळाभर वजनाच्या तीन पैशांपैकीं दोहोंचें अक्षर वळणदार व खोल आहे, व दांड्या नाहींत. त्यांचा निर्णय अधिक जाणत्यांनीं करावा.

८

चालत्या पैशांत मोलाचें नाणें सांपडतें काय, असें आजही लोक विचारतात, म्हणून दोन शब्द. नाणें दुर्मिळ होतें तें त्याच्यावरील चित्रामुळें नव्हे, तर बहुधा टांकसाळीच्या व खजिन्याच्या निर्णयामुळें. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या हारांतील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सुमारें ९४ लक्ष रुपये पाडले होते. त्यांपैकीं सुमारें सात लक्षच बाहेर पडले, बाकीचे वितळविले, व १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. तो रुपया आज संग्राहकांस हवा असतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपयाही असाच दुर्मिळ. उलट २०१२ च्या वैष्णोदेवीच्या पांच रुपयांस लक्षावधि किंमत येते, ही निवळ आवई आहे. जुन्या नाण्यानोटांच्या खरेदीविक्रींत आपला संबंध नाहीं व आपण कसलीही फी मागत नाहीं, असें रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्ध केलें आहे. ज्यास विकावयाचें त्याच्याकडूनच आधीं पैसे मागणारा मनुष्य ग्राहक नव्हे, इतकी एक खूण ध्यानांत ठेविली तरी पुरे.

आजच्या नाण्यांतही वाचण्याजोगें आहे. सनाखालीं चौकट असल्यास तें मुंबईचें, तारा असल्यास हैदराबादचें, बिंदु असल्यास नोयडाचें, कांहींच नसल्यास कोलकात्याचें. १९८५ सालीं सुट्या नाण्यांची टंचाई पडली, तेव्हां परदेशीं टांकसाळींतूनही रुपये पाडवून आणले. त्यांवर त्या त्या टांकसाळींच्या खुणा आहेत. २५ पैसे व त्याखालील नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून रद्द झालीं. तीं आज घरोघर डब्यांत पडलीं आहेत. त्यांस बाजारांत भाव नाहीं. १८८७ सालीं शिवराईसही संग्राहकाचा भाव नव्हता.

संग्राहकांस व गृहस्थांस आमची विनंति अशी. जुना पैसा चिंचेनें किंवा राखेनें घासूं नये. मळाबरोबर अक्षराची धारही जाते. पैसा ज्या बटव्यांत, डबींत किंवा देव्हाऱ्यांत मिळाला, त्याचें व गांवाचें नांव लिहून ठेवावें. सोबतचीं नाणीं, अगदीं झिजलेलीं व बिनकिमतीचीं दिसणारींही, वेगळीं करण्यापूर्वीं सर्वांचें वजन करावें व दोन्ही बाजूंचे ठसे घ्यावे. जमिनींत पुरलेलें धन सांपडल्यास गोष्ट निराळी: १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी माणसास परदेशीं नेतां येत नाहीं, हें १९७२ च्या कायद्यानें ठरलें आहे. आमच्या भागांत नवें शहर वसल्यापासून जुनीं घरें पाडून इमले उठत आहेत. पेट्या उघडल्या जातात, तांबें मोडींत जातें. जें नोंदवावयाचें तें आतांच नोंदविलें पाहिजे.

९

शेवटीं वांटणीचा प्रश्न. थोरल्या बंधूनें सुचविलें होतें कीं, पांच, पांच व सहा असे वाटे करावे आणि चिठ्ठ्या टाकाव्या. आम्हीं एकाच ठशाचे ते दोन पैसे त्यांच्यापुढें ठेविले, कान्यावरील चीर भिंगांतून दाखविली, व चिठ्ठ्यांत हे दोन वेगळे झाले तर पुन्हां कोणासही हें दिसणार नाहीं, इतकें सांगितलें. मग राणीचा १८८७ चा पैसा दाखविला. बाजारांत त्यास फारशी किंमत नाहीं; परंतु तो काढून घेतला तर बटवा कोणत्या काळीं भरत होता हें सांगणारा साक्षीदारच गेला. चिठ्ठी तो कोणाच्या पदरांत टाकील?

मधल्या बंधूस पैशांची नड होती. त्यानें आपले पांच मागितले व घेतले. त्यांत सम्राज्ञीचा पैसा गेला. तें त्याच्या हक्काचें होतें, व त्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. थोरला व धाकटा यांनीं उरलेले अकरा एकत्र ठेविले आहेत, व ते जुळे पैसे त्यांत आहेत. ज्या धाकट्यानें नाणीं विकावयास काढलीं होतीं, त्यानेंच बटव्यास आंतून नवें कापड लाविलें. सोळाही पैशांचीं वजनें, ठसे व वर्णन आमच्या वहींत आहे. बटवा फुटला तरी त्याची याद शिल्लक आहे, एवढेंच समाधान.

पनवेल, उरण, पेण, नागोठणें व रेवदंडा या भागांतील घरांतून मिळालेल्या शिवराया ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांचे ठसे मूळ ठिकाणासह प्रसिद्ध करावे. 'रा'च्या कान्यास चीर असलेला तिसरा पैसा कोणाकडे असल्यास त्यानें तो कोणत्या गांवचा, एवढें कळविलें तरी एका टांकसाळीचा माग लागण्याचा संभव आहे. आमच्या वाचनांत कोठें दोष आढळल्यास जाणत्यांनीं निःसंकोच दाखवावा. या लेखांत एक दोष आम्हीं स्वतःच दाखविला आहे, दुसरा दाखविणाऱ्याचे आम्ही ऋणी राहूं.